पिशवी नव्हे, आधार

संयोजकांनी मला 'आयटीतली माझी वर्षं' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. मित्रांनो, चहाला उठू नका. तुमच्या आईचा आणि बायकोचाही हा विषय आहे.

आपल्याकडे याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात खाली उतरतात. संध्याकाळी ओटीपोट जड होतं, खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. बाळंतपणं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, ओझी उचलणं, पाळी जाणं, अशी कारणं. मला दुसऱ्या बाळंतपणानंतर काही वर्षांनी हा त्रास सुरू झाला. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका." हे वाक्य आपल्यापैकी अनेकींच्या आयांनी ऐकलंय.

पण दोष पिशवीत नसतो. तिला तोलून धरणारे स्नायू आणि बंध सैल झालेले असतात. नुसती पिशवी काढली आणि वरचा आधार बांधला नाही, तर योनीमार्ग पुन्हा खाली येऊ शकतो. हे परदेशी शहाणपण नव्हे बरं का! मूळचे गोव्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया आहेत, त्या पिशवी न काढता पट्टीने वर बांधण्याच्या.

निदानातली एक गोष्ट मला इंजिनीअर म्हणून फार आवडली. १९९६ पासून 'पॉप-क्यू' नावाची मोजणी आहे. योनीमुखापाशी शून्य धरायचं, आत उणे, बाहेर अधिक, सगळं सेंटीमीटरमध्ये. त्यावरून शून्य ते चार पायऱ्या ठरतात. म्हणून "थोडं खाली आलंय" एवढ्यावर उठू नका, पायरी कोणती ते विचारा. त्रास नसेल तर कित्येकदा काहीच करावं लागत नाही.

माझी पायरी दुसरी. मी दोन गोष्टी करते. पहिली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, पण फिजिओथेरपिस्टकडून शिकून. लघवी रोखल्यासारखं आत-वर ओढायचं असतं. कित्येक जणी उलट खाली जोर देतात. असा शिकवून घेतलेला व्यायाम त्रास कमी करतो, हे २०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. महिनोन्‌महिने करावा लागतो, एवढं खरं. दुसरी, सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी. मापाची बसली की जाणवतही नाही. मी ती स्वतः काढते, धुते, परत बसवते. आत्ता इथे उभी आहे तीही रिंग घालूनच. (हशा)

शस्त्रक्रिया वाईट असं मी म्हणत नाही. पुढच्या पायऱ्यांवर ती लागते, आणि आता दुर्बिणीतूनही होते. पण जाळी बसवणार असतील, तर कुठून, हे विचाराच. प्रोलॅप्ससाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नाही.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. जेवणानंतर ती आठवी 'ब'च्या खोलीत बसणार आहे. दाराला आतून कडी आहे, मी सकाळीच बघून आले.