समजून घेणं मोजायचं, पण कुणी?

(बडनेरा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दवाखान्यात औषध मिळालं का, खाट मिळाली का, हे आपण निवेदनात लिहितो. ‘डॉक्टरला माझ्या मनातलं कळलं का’ हे कुणी लिहीत नाही. ते मोजता येत नाही, असा समज आहे.

पण मोजतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरझा होजात आणि सहकाऱ्यांनी २० विधानांची एक मोजपट्टी केली, २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक विधानाला डॉक्टरने १ ते ७ गुण द्यायचे. हीच पट्टी विद्यार्थ्यांना लावली तेव्हा २००९ मध्ये दिसलं, की तिसऱ्या वर्षी त्यांचे गुण घसरतात. तिसरं वर्ष म्हणजे तिथे मुलं वॉर्डात पेशंट पाहू लागतात, ते वर्ष! पुढे २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की जास्त गुणांच्या डॉक्टरांच्या मधुमेही पेशंटांची साखर जास्त ताब्यात असते. म्हणजे हा नुसता गोड बोलण्याचा प्रश्न नाही.

मात्र या पट्टीत उत्तर डॉक्टरच देतो. नवऱ्याला विचारा, ‘बायकोला समजून घेता का?’ तो काय सांगणार? म्हणून स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट मर्सर यांची २००४ ची प्रश्नावली मला जवळची वाटते. तिच्यात १० प्रश्न आहेत आणि उत्तरं पेशंट देतो: तुमचं म्हणणं पूर्ण सांगू दिलं का, खरंच ऐकलं का.

आपल्या बाजूला ती तशीच आणून चालेल का? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे आपण गिळत आलो. जिला विचारलंच गेलं नाही, ती प्रश्नावलीत ‘समाधान आहे’ असंच म्हणेल.

एका वस्तीत एक बाई मला म्हणाली, “डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पण त्याहिनं वर पाहलं नाही, मंग म्या बी सांगतलं नाही.” खाटेजवळ नर्सने कागद पुढे केला असता, तर तिने पहिलंच वाक्य लिहून दिलं असतं. पुन्हा तिथेच जायचं असतं ना!

म्हणून माझी सूचना अशी. सुरुवात बाळंतिणींपासून करू. सव्वा महिना झाला की घरी जाऊन, सासू-नवरा समोर नसताना, वऱ्हाडीत विचारायचं. मेळघाटची बाई असेल तर कोरकू बोलणारी सोबतीण हवी. ‘तुला कशाची भीती वाटत होती? ती कुणाला कळली?’ नाव लिहायचं नाही. दवाखान्याची परवानगी घेऊन डॉक्टर-नर्सबाईंनाही विचारायचं, ‘बाळंतिणींना सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?’ दोन्हींकडची उत्तरं शेजारी-शेजारी मांडली की अंतर दिसेल. शिवाय त्या पाळीत एका नर्सबाईकडे किती बाळंतिणी होत्या, तोही आकडा घ्यायचाच. नाहीतर सगळा दोष तिच्याच माथी जाईल, आणि तीही बाईच आहे.

हे प्रश्न वऱ्हाडीत लिहायला कोण-कोण बसणार, ते आताच ठरवू या.