कूलर, किंडल आणि कागद

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना भिडतो आणि किंडलसारख्या ई-रीडरच्या वापराची कंपनीनं दिलेली मर्यादा आहे ३५ अंश! म्हणजे दुपारी उन्हात उभ्या गाडीत तो विसरून चालणार नाही. कागदी पुस्तकाला उन्हाची एवढी भीती नाही. कूलरच्या दमट हवेत पानं तेवढी मऊ पडतात.

तरी ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर येत नाही. त्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात, मजकूर बाहेरच्या प्रकाशात कागदासारखा दिसतो. वीज प्रामुख्यानं पान बदलतानाच लागते, त्यामुळे एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. अक्षरं मोठी करता येतात, ही सोय आजी-आजोबांना फारच मोलाची.

शिवाय किंडलवर मराठी पुस्तकंही २०१६च्या डिसेंबरात आली.

पण खरी अडचण ई-पुस्तकाच्या मालकीची. २००९मध्ये हक्कांच्या वादातून किंडलची कंपनी अ‍ॅमेझॉननं ग्राहकांच्या उपकरणांवरून ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परस्पर पुसली. पुस्तकही नेमकं नोंदी पुसणाऱ्या राजवटीचं! नागपुरात बर्डीच्या बाजारात जुनं घेतलेलं पुस्तक असं कुणी काढून नेत नाही. वाचून झालं की ते विकता येतं, शेजाऱ्याला देता येतं. अर्थात, शेजारी परत करेलच असं नाही.