चार बटणं दाबली, नगरसेवक कोण?



महापालिकेची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख ठरलेला असतो. मतदानाचा टक्का घसरला, सुशिक्षित मतदार सुट्टी साधून महाबळेश्वरला गेला, लोकशाहीची चिंता वाटते, वगैरे. मला तो लेख आता वाचवत नाही. मुंबईत 2012 साली सुमारे 45 टक्के मतदान झालं, 2017 साली सुमारे 55, आणि 2026 साली 15 जानेवारीला पुन्हा त्याच्या जरा खालीच. मुंबई काय, पुणे काय, जवळजवळ निम्मं शहर घरी बसतं. एवढी माणसं एकाच वेळी आळशी कशी निघतात?

आता गावाकडे बघा. ग्रामपंचायतीला ऐंशी टक्के मतदान झालं तर त्याची बातमीही होत नाही. पुण्यात नोकरी करणारा पोरगा गावच्या यादीतलं नाव काढत नाही, रजा टाकतो, गाडी करून मत द्यायला जातो. त्यात भावकीची चुरस असते, पॅनेलवाल्यांनी सोडलेली गाडीही असते, हे मी नाकारत नाही. पण आपल्या वस्तीला नळ किती वाजता सुटणार हे सरपंच कुठल्या आळीतला यावर ठरतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

शहरात काय होतं? मतदान केंद्राच्या आत चला. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत प्रभाग चार सदस्यांचा. अ, ब, क, ड अशा चार जागा. पांढरी मतपत्रिका, गुलाबी, पिवळी, निळी. चार बटणं दाबायची. चौथं मत पडेपर्यंत लांब बीप वाजत नाही. एक बटण दाबून आजी निघतात, कर्मचारी ओरडतो, ‘अहो आजी, अजून तीन राहिली!’ आजी परततात आणि उरलेली तीन उरकून टाकतात. या तीन मतांना जनमत म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

पुण्यात असा एक प्रभाग पाऊण लाखाहून अधिक लोकवस्तीचा. गटार तुंबलं तर चौघांपैकी कोणाला धरायचं? पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. बरं, ही रचना तरी टिकते का? पुण्यात 2002 साली प्रभाग तीन सदस्यांचा होता, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. मग सरकार बदललं, कायद्यात पुन्हा एक सदस्य आला; 2021 मध्ये तीन झाले; 2022 मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. मतदाराला यातलं कोणी काही विचारलं नाही. हद्दी सरकल्या की पाच वर्षांची ओळख पुसली जाते, आणि काम न केलेल्याला घरी बसवायची सोयही जाते. काही पक्षांना ही सोय गेलेलीच बरी वाटते, असा माझा संशय आहे.

1930च्या दशकात आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेले. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं, रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली, आणि ते कोणी केलं हे पुणेकरांना ठाऊक होतं. त्या वेळी मताधिकार थोड्यांनाच होता, हे खरंच. आज तो सगळ्यांना आहे, पण कामाचा धनी सापडत नाही. महापौर अडीच वर्षांचा, मानाचा. कारभाराची सूत्रं राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती.

त्यावर कळस म्हणजे प्रशासकांचा काळ. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि पुढची जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा 74 हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प लोकप्रतिनिधींविना मंजूर झाला. तुमच्यावाचून चालतं, हे चार वर्षं दाखवून द्यायचं आणि पाचव्या वर्षी ‘आपलं मत अमूल्य आहे’ असे फलक लावायचे!

मतदानाची सक्ती करा, असंही कोणी सुचवतं. गुजरातने तसा कायदा केला. 2015 साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. जबरदस्तीने रांग लागेल, आस्था लागणार नाही.

गावाला ग्रामसभा आहे. शहरासाठी 2009 साली कायद्यात क्षेत्रसभा आली, म्हणजे मतदारांनी नगरसेवकाला समोर बसवून विचारायची हक्काची जागा. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेला आहात? हात वर करा.

दिसतंय मला. तेव्हा येत्या महिन्यात चार शेजारी मिळून क्षेत्रीय कार्यालयात जा. आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी घेणार, एवढंच लेखी विचारा, आणि त्या पत्राची प्रत चारही नगरसेवकांना द्या. निघताना पोच घ्यायला विसरू नका.