हात हवेत, बिऱ्हाड नको



परदेशी माणसाला आपल्या देशात किती प्रमाणात येऊ द्यावे, याचा निर्णय बहुतेक देशांत मंत्री आणि अधिकारी करतात, आणि लोक कट्ट्यावर बसून त्यावर बोलतात. स्वित्झर्लंडची रीत निराळी. तेथे पुरेशा नागरिकांनी सह्या केल्या की प्रश्न थेट जनतेच्या मतास टाकावाच लागतो. त्यामुळे लोकांच्या मनात काय आहे याचा अदमास बांधावा लागत नाही. मतपेट्या उघडून ते मोजता येते. आज आम्ही त्या मोजदादीविषयीच बोलणार आहोत.

७ जून १९७० रोजी तेथे असे मतदान झाले. जेम्स श्वार्झेनबाख हे झुरिकच्या एका धनाढ्य उद्योगपती घराण्यातील गृहस्थ. संसदेत आपल्या पक्षाचे ते एकटेच सभासद. त्यांची मागणी अशी की, जिनिव्हा वगळता कोणत्याही घटकराज्यात परकीयांचे प्रमाण शेकडा १० च्या वर असू नये. त्या वेळी देशभरात ते शेकडा १६-१७ होते. म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांना, बहुतांशी इटालियन मजुरांना, गाशा गुंडाळावा लागला असता. सरकार विरुद्ध, मोठे पक्ष विरुद्ध, कारखानदार विरुद्ध, कामगार संघटनांचे पुढारीही विरुद्ध. तरीही शेकडा ४६ मतदारांनी 'होय' म्हटले! ठराव फेटाळला गेला, पण थोडक्यात. आणि मते पडली ती केवळ पुरुषांची. स्विस स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो १९७१ साली. ज्यांच्या राहण्या-जाण्याचा प्रश्न होता त्यांना तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

हे शेकडा ४६ लोक दुष्ट होते असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, आणि खोटेही. पुढाऱ्यांचे न ऐकता 'होय' म्हणणाऱ्यांत साधे कामगार पुष्कळ होते. शहरांत घरे मिळेनाशी झाली होती, भाडी चढत होती, आणि स्वस्त मजूर आणून मालक आपली मजुरी दाबून ठेवतो अशी शंका त्यांच्या मनात होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु राग मालकावर निघायचा तो शेजारच्या खोलीतल्या इटालियनावर निघाला.

आता त्या इटालियनाची स्थिती पाहा. त्याला हंगामी परवाना मिळे, फार तर नऊ महिन्यांचा. सरहद्दीवर कपडे उतरवून वैद्यकीय तपासणी होई. मालक बदलण्याची मोकळीक नव्हती. बायको-मुलांना सोबत आणण्यास मनाई होती. तरी काहींनी मुले चोरून आणली. आईबाप कामावर गेले की ही मुले बंद खोलीत आवाज न करता दिवस काढीत; शाळा नाही, खिडकीत उभे राहणे नाही, कारण शेजाऱ्याने कळवले तर हकालपट्टी ठरलेली. अशी मुले हजारोंनी होती. हा हंगामी परवाना बंद झाला तो २००२ साली. धरण बांधण्यास त्याचे हात हवे होते, बिऱ्हाड नको होते. १९६५ साली माटमार्क येथे धरणाच्या कामावरील वस्तीवर हिमनदी कोसळून ८८ माणसे गाडली गेली. त्यांत ५६ इटालियन होते. पाच वर्षांनी ते मतदान झाले.

(येथे कोणी विचारील, आमचा याच्याशी काय संबंध? दरवर्षी उसाच्या हंगामात आपल्या शिवारात तोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले त्या महिन्यांत कोणत्या शाळेत जातात, हे या सभागृहातील किती जणांनी विचारले आहे? आम्हीही विचारलेले नाही.)

त्या १९७० च्या मतदानात 'होय' म्हणणाऱ्या घटकराज्यांत उरी होते. गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरांचा बोगदा उरीतील ग्योशेनेन येथून आत शिरतो. तो १८७२ ते १८८२ या काळात खणला मुख्यतः इटालियन मजुरांनी. सुमारे दोनशे माणसे त्यात कामी आली. शिवाय १८७५ साली ग्योशेनेनला संप झाला तेव्हा चौघे गोळीबारात पडले.

बोगद्याचे दुसरे तोंड तिचिनोत उघडते. तिचिनोची भाषा इटालियन. १९७० साली त्याने श्वार्झेनबाखांना नकार दिला होता. भाषा एक तर मन एक, अशी आमच्यासारख्यांची समजूत असते. तिला तिचिनोचा पुढचा इतिहास मानवत नाही. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी परकीयांच्या आगमनावर मर्यादा घालण्याचा ठराव पुन्हा मतास आला. या खेपेस तो शेकडा ५०.३ मतांनी संमत झाला. फरक वीस हजार मतांहूनही कमी. झुरिक, जिनिव्हा, बाझल शहर या परकीयांनी गजबजलेल्या ठिकाणी 'नाही' हेच मत पडले. देशात सर्वांत मोठा 'होय' आला तिचिनोतून, शेकडा ६८! सीमेपलीकडून रोज सकाळी कामाला येऊन सायंकाळी परतणारे इटालियन त्याच भाषेत बोलतात, पण कमी वेतनावर राबतात, ही तिचिनोची तक्रार. २०२० साली युरोपीय देशांशी असलेला मुक्त संचाराचा करार मोडण्याचा ठराव देशाने शेकडा ६१.७ मतांनी फेटाळला. तिचिनोने मात्र पुन्हा 'होय' म्हटले.

त्याच तिचिनोत, बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, ऐरोलो स्थानकाजवळ एक शिल्प आहे. विन्चेन्झो वेला या तिचिनोच्याच शिल्पकाराची ती कृती. येथे ती १९३२ साली बसवली गेली. मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवरून बाहेर आणीत आहेत, एवढेच त्यात आहे.