दिवाळीच्या सुट्टीत घाटाखाली



दिवाळीची सुट्टी जवळ आली की नाशिककडील पुष्कळ घरांतून एकच चर्चा सुरू होते. यंदा कोठे जावयाचे? शिक्षकांना सुट्टी असते, शासकीय कर्मचाऱ्यांपैकी काहींची महाराष्ट्र दर्शनाची रजा प्रवास सवलत शिल्लक असते, आणि खरिपाचे पीक घरात आल्यामुळे शेतकरी कुटुंबालाही चार दिवसांची उसंत मिळते. द्राक्षबागायतदाराला मात्र ती नाही. त्याची ऑक्टोबरची छाटणी नेमकी याच दिवसांत येते. चर्चेचा शेवट बहुधा ठरलेला असतो : महाबळेश्वर, नाही तर माथेरान, आणि ऐपत असेल तर सिमला.

थंड हवेचे ठिकाण ही कल्पना इंग्रजी अमदानीत रुजली व वैशाखातील उन्हाळ्यासाठी ती योग्यही होती. पण कार्तिकात थंडीतून उठून अधिक थंडीत जाण्यात कोणते शहाणपण आहे, याचा विचार सहसा होत नाही. घरातील दमेकरी आजोबा आणि सांधे धरलेली आजी यांना मग एक तर मागे ठेवावे लागते, किंवा बरोबर नेऊन खोलीत रजईखाली बसवून ठेवावे लागते. सहल सर्वांची असावयाची तर या ऋतूत उबेचे ठिकाण शोधले पाहिजे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पाऊस संपला की पठारावरील हवा कोरडी होते, आकाश निरभ्र राहते आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. म्हणूनच दुपारी ऊन आणि पहाटे हुडहुडी असा नाशिकचा कार्तिक असतो. पुढे पौषात निफाड तालुक्यात काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो व द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. समुद्राचे पाणी उशिरा तापते आणि उशिराच निवते. त्यामुळे पठार गारठू लागले तरी किनाऱ्यावरील नोव्हेंबरची रात्र २० अंशांच्या आसपास राहते. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, त्या वर्षी मात्र किनाऱ्यावर दमट उकाडा असतो. तेव्हा भाऊबीज आटोपून निघणे बरे.

ही ऊब फार लांब नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तेथून मोखाडा, जव्हार आणि कासा ओलांडून डहाणू, असा दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा मुलूख पालघर जिल्ह्यात गेला. नाशिकचा हा शेजारी जिल्हा. पण नाशिककराला सिमल्याची जितकी माहिती असते, तितकी मोखाड्याची नसते.

पहिला मुक्काम जव्हारला करावा. सुमारे ४५० मीटर उंचीवरील हे गाव मुकणे राजघराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. गावाजवळच्या शिरपामाळावर सुरतेच्या स्वारीस जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा तळ पडला होता आणि जव्हारच्या राजाने तेथे त्यांचे स्वागत केले, अशी स्थानिक परंपरा आहे. ती स्वारी १६६४ सालची. येथील मुखवट्यांचा बोहाडा प्रसिद्ध आहे, परंतु तो उन्हाळ्यातील उत्सव होय. दिवाळीत जाऊन बोहाड्याची चौकशी करणाऱ्याची निराशा व्हावयाची.

दिवाळीच्या दिवसांत या भागात ऐकावयाचा तो तारपा. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून केलेले हे वाद्य नवा भात तयार होण्याच्या सुमारास बाहेर निघते. वादक मध्ये उभा राहतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात. वारली चित्रांत दिसणारे ते गोल वेटोळे म्हणजे हाच फेर. ही चित्रकला मूळची लग्नघराची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात व त्यात पालघट देवीची स्थापना होते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोचविले, आणि गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरील ही कला कागदावर व कापडावर उतरवून जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या गावाच्या परिसरात आज अनेक तरुण चित्रे काढून चरितार्थ चालवितात. चित्र घ्यावयाचे असेल तर ते काढणाऱ्याच्या हातून घ्यावे आणि भाव करताना भिंत सारवण्यापासूनचे श्रम डोळ्यांपुढे ठेवावेत. मात्र पाड्यात शिरण्यापूर्वी विचारावयास हवे. वाघबारशीची पूजा किंवा घरातील चौक ही प्रेक्षकांसाठी मांडलेली आरास नव्हे. छायाचित्र काढण्यास कोणी नको म्हटले, तर कॅमेरा पिशवीत गेला पाहिजे.

शिक्षकांना या वाटेवरील सर्वांत जवळचे वाटेल असे ठिकाण म्हणजे कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. बालशिक्षण म्हणजे शहरी मुलांसाठी महागडी साधने, असा समज असलेल्या काळात या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने बनविली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखावयास गेलेली मुले तेथेही सापडेनात, तेव्हा त्यांच्यामागे कुरणात जाऊन कुरणशाळा चालविली. आज गावोगावी अंगणवाडी आहे आणि तिचा कारभार पंचायत सदस्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती १९७५ साली. त्याच्या कितीतरी आधी अंगणातील ही शाळा येथे भरत होती. भिंतीचा रंग आणि खाऊचा हिशेब यांपलीकडे अंगणवाडीत काय असावयास हवे, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने कोसबाडला अर्धा दिवस तरी द्यावा.

टेकडीवरून खाली उतरले की चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. केंद्र शासनाने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला व तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. या वाड्यांची सावली टिकण्यास तेही एक कारण झाले. पुढील काळात किनारा काही प्रमाणात बदलेल, कारण डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. बोर्डीजवळच्या बहरोट गुंफांत संकटकाळी पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी जपून ठेवला होता, आणि तो अग्नी आज सीमेपलीकडे गुजरातमध्ये उदवाड्यास तेवत आहे.

आता समुद्राविषयी. येथे सौंदर्यापेक्षा सावधगिरीबद्दल बोलणे अधिक अगत्याचे आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. दिवस हिवाळ्याचा होता, वादळ नव्हते. नाशिकची मुले गोदावरीच्या पाण्याजवळ वाढलेली. नदीची ओढ त्यांना कळते, भरती-ओहोटी कळत नाही. बोर्डी-डहाणूचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी फार दूर जाते, मुले त्याच्यामागे चालत जातात, आणि परतणारी भरती त्यांच्या मागील सखल भागांतूनही भरू लागते. शिवाय अमावास्येला व पौर्णिमेला भरतीचे उधाण सर्वांत मोठे असते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि त्रिपुरी पौर्णिमेची. म्हणजे सुट्टी आणि उधाण बरोबरच येतात.

कोळी बांधवांचा एक सोपा हिशेब सहलप्रमुखाने पाठ करावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ तासांत मिळते. भाऊबीज द्वितीयेची, दोनची पाऊणपट दीड. म्हणजे त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण, आणि सायंकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला हीच भरती सहा वाजता. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी व स्थानिक कोळ्यांना विचारावी. याच महिन्यांत अरबी समुद्रात वादळेही होतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ याच राज्याच्या किनाऱ्यावर आले, आणि २०१९ साली ऐन दिवाळीत ‘क्यार’मुळे कोकणचा समुद्र खवळला होता. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी मुलांना वाडीतच ठेवावे, मग त्यांनी कितीही तोंडे वाकडी केली तरी चालेल. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीने रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला एक फळा वाटेच्या तोंडाशी उभा केला, तर त्याला फारसा खर्च नाही. शाळेत असा फळा रोज लिहिलाच जातो.

राहण्याची सोय हा प्रश्न उरतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यामुळे शेतकऱ्याला आपल्या वाडीत पाहुणे ठेवण्याचा रीतसर मार्ग मिळाला. बोर्डी-घोलवडकडे त्याचा लाभ सहज घेता येतो, कारण तेथे बागायत आहे, रेल्वे आहे. जव्हार-मोखाड्याचे तसे नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. या तालुक्यांत पाऊस धो-धो पडतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. भाताचे एक पीक निघाले की पुढे गावात काम नसते.

तुळशीचे लग्न लागले की मोखाडा, हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूंची माणसे अंथरूण-पांघरुणाची बोचकी आणि लहान मुले बरोबर घेऊन घाट चढतात आणि नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला येतात. नाशिकची सहल घाट उतरत असते, त्याच सुमारास ही माणसे समोरून येत असतात. त्यांचे गाव उबेचे असते आणि ज्या बागेत ती उतरतात तेथे पहाटे दव गोठण्याची थंडी असते. सहलीचे दोन दिवसांचे जेवण मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या एखाद्या महिला बचत गटाकडे सांगितले, नागलीची भाकर, नव्या भाताचा भात आणि उडदाचे पिठले मागितले, वाट दाखविण्याचे काम गावातील दोन तरुणांना दिले, तर त्या गटातील चार-सहा बायकांचे बोचके बांधणे आठवडाभर तरी लांबते. त्यांची मुले तेवढे दिवस आपल्याच अंगणवाडीत बसतात.

अशी मागणी आगाऊ कळवावी लागते. सुट्टीपूर्वी तीन आठवडे ग्रामसेवकाला किंवा तेथील शाळेच्या मुख्याध्यापकाला माणसांची संख्या, दिवस आणि पोचण्याची वेळ लिहून पाठविली, तर तांदूळ कांडून ठेवता येतात. त्र्यंबकचा घाट उतरताना सकाळी धुके असते. म्हणून नाशिकहून आठनंतर निघावे. आजीचा स्वेटर पहिल्या तासापुरता हाताशी ठेवला म्हणजे झाले. जव्हार मागे पडले की ती स्वतःच तो काढून मागे देते.