समुपदेशनाची फी विचारताना



जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत मी बरीच वर्षं समाजसेवा अधीक्षक म्हणून बसले. तिथे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा कापडदुकानाची एक प्लास्टिकची पिशवी असते. आत दोन-तीन ईसीजी, एक टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, कधी एन्डोस्कोपी आणि शेवटी डोक्याचा एमआरआय. सगळ्यांवर शेरा एकच, नॉर्मल. तळाशी अंगाऱ्याची पुडी. छातीत धडधडतंय, झोप येत नाही, अन्नावर वासना नाही म्हणून घरच्यांनी वर्षभर सुचेल ते केलेलं असतं. त्यातल्या पावत्यांची बेरीज करा, खासगी समुपदेशकाकडची दहा-बारा सत्रं सहज निघतील. आणि हीच मंडळी मला म्हणतात, "मॅडम, ते समुपदेशन-बिमुपदेशन आपल्याला कुठलं परवडतंय!"

पुण्या-मुंबईत एका सत्राचे हजार ते दोन हजार रुपये पडतात, कुठे त्याहून जास्त. महिन्याला चार सत्रं म्हटली तर पगारदार माणूससुद्धा दचकतो. तेव्हा न परवडण्याची तक्रार खरीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे कुठे आधी घालायचे हा क्रम आपला चुकतो.

क्रम सिव्हिलपासून सुरू करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, पण तिथलंही शुल्क खासगीच्या मानाने किरकोळच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ असतात, तसं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आणि सामाजिक कार्यकर्त्याचं पदही असतं. पद भरलेलं आहे का, हा प्रश्न मात्र तुम्हीच खिडकीवर जाऊन विचारायचा! पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयातही येतं. तो वार आशाताईंना विचारा. जिल्ह्याच्या गावाला जायचं एसटीभाडं आणि बुडणारी मजुरी, दोन्ही वाचतील. रोजंदारीवरच्या माणसाला मोफत उपचारही ह्या दोन गोष्टींमुळेच महाग पडतात.

सरकारी दवाखान्यात उणीव असते ती वेळेची. रांग दारापर्यंत आलेली, डॉक्टरांना एका माणसामागे पाच-सात मिनिटं. तेवढ्यात गोळी लिहून होते, मन मोकळं होत नाही. म्हणून केसपेपर काढतानाच विचारायचं, "समुपदेशनासाठी वेगळा वार असतो का?" असला तर गर्दी नसलेली वेळ मागून घ्यायची. गोळ्या बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. नैराश्यावरची नेहमीची औषधं जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त मिळतात.

स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाचं, ही समजूत कुठून येते ते मला कळतं. पण शेजारच्या गोव्यातलं एक काम सांगते. 'संगाथ' ह्या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. हे लोक प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसले. समोर तीव्र नैराश्याचे रुग्ण, सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. मनाच्या तळाशी काय दडलंय हे खणत न बसता, सुटलेली कामं पुन्हा थोडीथोडी धरायची: अंगणापर्यंत जाणं, बहिणीला फोन, अर्धवट पडलेलं शिवण. समुपदेशक आपल्या सत्रांचं रेकॉर्डिंग एकत्र ऐकून एकमेकांचं काम तपासत. तीन महिन्यांनी ह्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याबाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लान्सेट'मध्ये हे छापून आलं आहे. मला ह्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते रेकॉर्डिंग ऐकणं. आमच्या पदव्यांच्या जगात आपलं काम असं दुसऱ्यासमोर उघडं करायला किती जण तयार होतील?

उलट बाजूही पाहा. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला प्रत्यक्षात कुणी अडवत नाही. दोन रविवारचा कोर्स करून लावलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत. समोरची व्यक्ती स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. राग आला तर दुसरीकडे जा.

आता फी. लग्नाच्या हॉलचं भाडं आपण खणखणीत आवाजात पाडून मागतो आणि समुपदेशकासमोर मात्र जीभ टाळूला चिकटते. पहिल्याच फोनवर सांगा, "महिन्याला मला हजार रुपये जमतील, त्यात कसं बसवता येईल?" बरेच जण ऐपतीप्रमाणे फी घेतात, पण तसं पाटीवर लिहीत नाहीत. कुणी पंधरा दिवसांनी बोलावतील, कुणी आपल्या हाताखाली शिकणाऱ्याकडे कमी पैशांत पाठवतील. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका. त्याच्यामागे त्याचे शिक्षक असतात. आणि भेटी लांबच्या असतील तर मधल्या दिवसांची वही ठेवा. घरी केलेला अभ्यास फुकट असतो.

दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नाही, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. विम्याचं थोडक्यात: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावला आहे, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. नुसत्या बोलण्याच्या सत्रांचा खर्च त्यातून क्वचितच सुटतो.

जीव द्यावासा वाटत असेल, कानात आवाज येत असतील, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. रात्री-अपरात्री १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा. ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. फोन लागल्यावर भाषा निवडायची, मराठी आहे.

वेळ संपत आली, आयोजक घड्याळाकडे पाहताहेत. प्रश्नांसाठी चिठ्ठ्या फिरवल्या आहेत. नाव लिहू नका. "माझ्या एका मित्राला" अशी सुरुवात केलीत तरी चालेल, आमच्या ओपीडीत त्या मित्राची फार जुनी ओळख आहे.