पोलीस कुणाचे मित्र?

(दोंडाईचा इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी मॅट्रिक पास, गोदीत ओझी उचलणारा माणूस. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंत. पण आज कविता नाही. विषय पोलिसांचा आहे, तेव्हा सरळ बोलतो.

पोलीस म्हणतात, आम्ही जनतेचे मित्र. त्यासाठी शांतता समिती, मोहल्ला समिती, ग्रामसुरक्षा दल, महिला दक्षता समिती. सण आला की ठाण्यात खुर्च्या मांडतात, चहा येतो, फोटो निघतो. दोंडाईच्यासारखं गाव लहान. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. नवा फौजदारसुद्धा महिन्याभरात ओळखतो, कोण कुणाचा.

माझा सवाल एकच. पोलीस जनतेचे मित्र, तर जनता म्हणजे कोण? त्या खुर्चीत कोण बसलंय आणि वही कुणाच्या हातात आहे?

गोदीत आमच्या टोळीचा मुकादम आमच्यातलाच. भाषा आमची, बिडी आमची. पण हजेरीची वही कंत्राटदाराची. मुकादम कुणाचा, हे आम्हाला पगाराच्या दिवशी कळतं.

हा धंदा जुना आहे. आपल्याच खानदेशात इंग्रजांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली. औट्रम नावाचा साहेब, ठाणं धरणगावला. बंड करणाऱ्या भिल्लांना पकडायला भिल्लच भरती केले. भिल्लाच्या हातात बंदूक आली, पण नेम कुणावर धरायचा हे साहेब सांगायचा.

आणि आपण? महार तर गावाचा बिनपगारी पोलीस. वेशीवर राखण त्यानं करायची, चोराचा माग त्यानं काढायचा, सरकारी सांगावा घेऊन उन्हातान्हात त्यानंच पळायचं. अधिकार मात्र पाटलाचा. मोबदला काय, तर घरोघर मागितलेली भाकर आणि वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल आणलं. वतन खालसा करणारा कायदा आला १९५८ साली. तीस वर्षं गेली! म्हणून कुणी 'जनतेनं पोलिसांना सहकार्य करावं' असं म्हटलं की मी म्हणतो, बाबा, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुकट सहकार्य केलंय. आता सहकार्याची भाषा आमच्या हक्कापासून सुरू करा.

१५ ऑगस्ट २००७ ला सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गृहमंत्री आर. आर. पाटील. गावातली भांडणं गावात मिटवा, तंटामुक्त व्हा, बक्षीस घ्या. बांधाचं भांडण, भाऊबंदकीचा वाद कोर्टात वीस वर्षं कुजण्यापेक्षा गावात मिटला तर चांगलंच. याला माझा विरोध नाही. पण भांडण बरोबरीच्यांत असतं. मालक मजुराच्या कानाखाली मारतो त्याला तंटा म्हणत नाहीत. आणि बक्षीस तंटे मिटवल्याचं असेल, तर तक्रार घेऊन आलेला माणूस गावाच्या डोळ्यात खुपायला लागतो. चारचौघं येतात आणि म्हणतात, 'जाऊ द्या ना भो, मिटाडी टाका.' कुणी मिटवायचं? ज्याला मार बसला त्यानंच.

खैरलांजी आठवा. शेजारच्या गावचा पोलीस पाटील, म्हणजे कायद्यानं नेमलेला सरकारचा माणूस, तो आपल्यातला. त्यालाच मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि तिच्या पोरीनं मारणाऱ्यांना ओळखलं, नावं सांगितली. म्हणजे पोलीस ज्याला सहकार्य म्हणतात, नेमकं तेच केलं. २९ सप्टेंबर २००६ ला त्या घरातली चार माणसं मारली गेली. पोलिसांचा मित्र होण्याची ही किंमत. आणि पुढं त्याच गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाल्याची बातमी छापून आली. फिर्याद करणारं घरच उरलं नाही, तंटा कुठून राहणार?

दुसऱ्या टोकाला आपल्याच जिल्ह्यातलं राईनपाडा, तालुका साक्री. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत आले होते. मोबाइलवर अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आलीय. जमावानं पाचही जणांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. इथं मारणारे कुणी वाडेवाले नव्हते. पाड्यावरच्या गरिबांनी फिरस्त्या गरिबांना मारलं. गाव स्वतःच पोलीस झालं, स्वतःच कोर्ट झालं. म्हणून 'पोलीस नकोत, आमचं आम्ही बघू' असं म्हणणाऱ्या आपल्या पोरांनाही मी सांगतो, जमाव कधी कुणाचा नसतो. आज डवरी गोसावी, उद्या तुम्ही.

मग सगळं फसवंच का? नाही. भिवंडी बघा. १९७० ला दंगल, १९८४ ला दंगल, प्रेतांचा खच. १९८८ साली सुरेश खोपडे तिथं डीसीपी म्हणून आले. त्यांनी सत्तरएक मोहल्ला समित्या केल्या. दंगलीवर पोळी भाजणारे पुढारी बाजूला ठेवले. साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान बरोबरीनं. ती एकमेकांना भेटायला लागली, हवालदाराला नावानं ओळखायला लागली. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळली, नऊशे माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. उलट ६ जानेवारी २०१३ ला आपल्या धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण पेटलं आणि पोलिसांच्या गोळीनं सहा तरुण पोरं गेली. दोन्हीकडं खाकी तीच. भिवंडीत खुर्चीतली माणसं बदलली होती, एवढाच फरक.

तेव्हा दोंडाईच्यात काय करायचं?

पहिलं, समित्यांची यादी मागा. तोंडी नको, माहिती अधिकारात लेखी. बघा त्यात वस्तीतला कोण आहे, भिलाटीतला कोण, मोहल्ल्यातला कोण. मिरचीच्या पथारीवर हाताची आग होईस्तोवर राबणाऱ्या बायांपैकी एक तरी महिला दक्षता समितीत आहे का? नसेल तर नावं आपण द्यायची.

दुसरं, बैठकीचं इतिवृत्त मागा. जे लिहिलं नाही ते झालं नाही.

तिसरं, अत्याचाराचा गुन्हा समितीपुढं नेऊ नका, कुणी नेऊ लागलं तर नेऊ देऊ नका. तो मिटवायचा अधिकार कुठल्याच समितीला नाही. २०१८ च्या दुरुस्तीनं १८ अ कलम आलंय, एफआयआर लिहिण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. घेतला नाही तर एसपीला लेखी कळवा. मुद्दाम कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी त्याच कायद्यात ४ थं कलम आहे.

चौथं, १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तीन महिन्यांतून एकदा तरी बसायलाच पाहिजे. खरी लोकांची समिती ती. ती कधी बसली, कोण आलं, किती गुन्हे पुढं आले, हे दर तीन महिन्यांनी विचारायला धुळ्याला जा. एकटे नको, दहा जण जा.

एका चौकीवर मी गेलो होतो, सोबत्याची बोटं साखळीत चेंगरली तेव्हा. साहेबानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, आणि शेवटी काय झालं ते. दोस्तहो, हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्या दिवशी काय झालं ते आधी विचारलं जाईल आणि उत्तर कागदावर उतरेल, त्या दिवशी मी पोलिसाला मित्र म्हणेन. तोवर चहा त्यांचा त्यांनी प्यावा. आपल्याला वही पाहिजे.

जय भीम.